जुना वस्तरा : गंज, धार आणि श्रमाचा इतिहास

बौद्ध संस्कृतीच्या इतिहासाचा विचार करताना आपले लक्ष प्रथम स्तूप, लेणी, शिलालेख आणि ग्रंथ यांच्याकडे जाते, आणि ते स्वाभाविकच आहे. परंतु या लेण्यांत जे भिक्खू राहिले, त्यांचा दिवस ज्या लहानसहान वस्तूंच्या आधाराने गेला, त्या वस्तूंचाही एक इतिहास आहे. भिक्षापात्र, सुई, कमरपट्टा, पाणी गाळण्याचे फडके आणि वस्तरा या त्या वस्तू होत. त्यांपैकी वस्तऱ्याविषयी आपल्याकडे फारसे लिहिले गेलेले नाही. प्रस्तुत लेखात आम्ही या वस्तऱ्याचा विचार करणार आहोत, आणि तोही एका मर्यादित अंगाने : जुना, गंजलेला, धार गेलेला वस्तरा पुन्हा नीट करणे म्हणजे काय, आणि तसे करताना त्याच्यावरून कोणता इतिहास वाचता येतो.

हा विषय छंदाचा वाटेल. युरोप-अमेरिकेत तो आज बऱ्याच अंशी छंदाचाच आहे. शेफील्ड आणि झोलिंगेन येथे घडलेले शंभर-दोनशे वर्षांपूर्वीचे वस्तरे शोधून, त्यांचा गंज काढून, त्यांना धार लावणारे हौशी लोक तेथे पुष्कळ आहेत. आमच्या दृष्टीने मात्र हा विषय श्रमाचा, ज्ञानाचा आणि समतेचा आहे. वस्तरा कोणी घडविला, कोणी घासला, कोणी चालविला आणि कोणाला नाकारला, या चार प्रश्नांची उत्तरे त्या वीतभर पोलादाभोवती गोळा झालेली आहेत.

विनयातील वस्तरा

संस्कृतातील ‘क्षुर’ हा शब्द पाली भाषेत ‘खुर’ होतो. आपण मराठीत क्षौर म्हणतो ते याच शब्दावरून. चुल्लवग्गातील खुद्दकवत्थुक्खन्धकात या खुराची कथा येते. भिक्खूंचे केस वाढले होते. तेव्हा भगवंतांनी विचारले की, भिक्खू एकमेकांचे केस काढू शकतील काय? काढू शकतील, असे उत्तर मिळाल्यावर तथागतांनी वस्तरा, वस्तऱ्याचा दगड, वस्तऱ्याचे म्यान, लोकरीच्या जाड कापडाचा तुकडा आणि क्षौराचे सर्व साहित्य बाळगण्याची अनुज्ञा दिली. त्याच ठिकाणी केस किती वाढू द्यावेत याचीही मर्यादा सांगितली आहे : दोन महिने किंवा दोन अंगुळे.

या लहानशा प्रसंगातील दोन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. पहिली गोष्ट ‘अञ्ञमञ्ञं’ या शब्दात आहे. अञ्ञमञ्ञं म्हणजे एकमेकांचे. संघात क्षौर हे एका विशिष्ट कुळात जन्मलेल्या माणसाचे काम राहिले नाही. जो आज दुसऱ्याचे डोके भादरतो, तोच उद्या त्याच्यापुढे आपले डोके वाकवतो. ज्या समाजात दुसऱ्याच्या शरीराला, केसाला, नखाला हात लावणे हे हीन काम मानले जात होते, त्या समाजाच्या मध्यभागी हा नियम केला गेला, हे विसरता कामा नये.

दुसरी गोष्ट अशी की, अनुज्ञा केवळ वस्तऱ्याची नाही. दगडाची आहे, म्यानाची आहे, कापडाची आहे. म्हणजे हत्यार जवळ बाळगणे आणि हत्याराची निगा राखणे या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत, असे विनय मानतो. याच खन्धकात सुईच्या गंजाचाही विचार आलेला आहे. बांबूच्या नळीत ठेवलेल्या सुया गंजू लागल्या, तेव्हा ती नळी किण्वाच्या चूर्णाने, सातूच्या पिठाने, दगडाच्या भुकटीने भरण्याची आणि पुढे मेण लावण्याची अनुज्ञा क्रमाक्रमाने दिली गेली. एक उपाय केला, तो अपुरा पडला, दुसरा केला, तोही अपुरा पडला, म्हणून तिसरा केला. अनुभवावरून नियम सुधारत नेण्याची ही पद्धती आहे. धातू दमटपणाने गंजतो आणि हवा व ओल यांच्यापासून त्याला दूर ठेवले पाहिजे, हे ज्ञान भिक्खूंच्या दैनंदिन व्यवहारात होते.

पुढील परंपरेत भिक्खूच्या आठ परिष्कारांत ‘वासि’ मोजली जाते. या शब्दाचा मूळ अर्थ लहान तासणी असा आहे, परंतु थेरवादी देशांच्या व्यवहारात तिच्या जागी वस्तराच दिला जातो. थायलंड किंवा श्रीलंका येथे उपसंपदेच्या वेळी जे आठ परिष्कार दान केले जातात, त्यांत आजही वस्तरा असतो.

उपालीचे वंदन

वस्तऱ्याची गोष्ट निघाली की उपाली थेरांची आठवण होणे अपरिहार्य आहे. भद्दिय, अनुरुद्ध, आनंद, भगु, किम्बिल आणि देवदत्त हे सहा जण प्रव्रज्येसाठी निघाले, तेव्हा त्यांच्याबरोबर सातवा होता तो उपाली नावाचा न्हावी. सीमेपलीकडे गेल्यावर त्यांनी आपले अलंकार उतरवून उपालीला दिले आणि परत जाण्यास सांगितले. परत गेल्यास शाक्य आपल्याला जिवंत ठेवणार नाहीत, हे उपालीने जाणले. अलंकारांचे गाठोडे त्याने झाडाला टांगून ठेवले, ज्याला दिसेल त्याने न्यावे असे म्हटले आणि तो त्यांच्या मागोमाग गेला. अनुपिया येथे तथागतांसमोर उभे राहिल्यावर त्या शाक्यांनीच विनंती केली की, उपालीला आमच्याआधी प्रव्रज्या द्यावी, म्हणजे आम्हांला त्याला वंदन करावे लागेल आणि आमचा शाक्यपणाचा अभिमान गळून पडेल.

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात हीनदीनांच्या धम्मदीक्षेच्या प्रकरणात उपालीला स्थान दिले आहे. हेच उपाली थेर पुढे राजगृहाच्या पहिल्या संगीतीत विनयाचे संगायन करणारे झाले. हातात वस्तरा धरणाऱ्या माणसाने संघाचे नियम मुखोद्गत करून पुढच्या पिढ्यांच्या स्वाधीन केले, ही घटना जगाच्या धार्मिक इतिहासात विरळा आहे.

याच्या जोडीला महावग्गातील दुसरी एक कथाही पाहिली पाहिजे. आतुमा येथे उतारवयात प्रव्रजित झालेला एक पूर्वाश्रमीचा न्हावी होता. तथागत संघासह येणार हे कळताच त्याने आपल्या मुलांना क्षौराचे साहित्य देऊन घरोघर पाठविले आणि मीठ, तेल, तांदूळ गोळा करविले. त्यानंतर तथागतांनी नियम केला की, जो पूर्वी न्हावी होता त्याने क्षौराचे साहित्य बाळगू नये. वरवर पाहता हा नियम आधीच्या अनुज्ञेच्या विरुद्ध वाटतो. आमच्या मते तो तिला पूरक आहे. संघातील वस्तरा हा एकमेकांच्या सेवेचे साधन आहे, तो जुन्या धंद्याकडे परत नेणारा दोर होऊ नये, असा त्याचा आशय दिसतो. जन्माने मिळालेला धंदा गळ्यात अडकवून माणसाने संघात राहू नये, हेच त्यातून साधले जाते.

नाकारलेला वस्तरा

संघाबाहेरच्या समाजात काय झाले, ते आपल्याला ठाऊक आहे. गावगाड्यात न्हावी हा बलुतेदार झाला. त्याचे स्थान स्वतः खालचे, पण त्याच्याही खाली कोणी असावे अशी तजवीज व्यवस्थेने करून ठेवलेली होती. बाबासाहेबांनी जिला श्रेणीबद्ध विषमता म्हटले, तिचे यापेक्षा स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण. ज्याचा स्पर्श उच्चवर्णीयांना क्षौरापुरता चालत असे, त्याला अस्पृश्याच्या डोक्याला स्पर्श करणे चालत नसे.

‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर टिपणांत बाबासाहेबांनी साताऱ्याच्या आपल्या बालपणाविषयी लिहिले आहे. साताऱ्यात न्हावी नव्हते असे नाही, त्यांना द्यायला पैसे नव्हते असेही नाही. पण अस्पृश्याचे केस कापायला कोणी तयार नव्हता, म्हणून मुलांचे केस थोरली बहीण कापत असे आणि सरावाने ती त्या कामात तरबेज झाली होती, असे त्यांनी सांगितले आहे. आमच्या विषयाच्या दृष्टीने हा उल्लेख फार मोलाचा आहे. ज्या घरांना वस्तरा नाकारला गेला, त्या घरांनी तो स्वतःच्या हातात घेतला. थोरल्या बहिणीने भावांचे केस कापणे हाही एका अर्थी ‘अञ्ञमञ्ञं’च होता, फक्त तो संघाच्या नियमाने आलेला नव्हता, अपमानातून आलेला होता.

त्याच समाजात वस्तरा स्त्रियांच्या दास्याचेही हत्यार झाला होता. उच्चवर्णीय विधवांचे केशवपन करण्यासाठी न्हाव्यालाच बोलावले जाई. १८९० साली मुंबईच्या नाभिकांनी हे काम आम्ही करणार नाही असा निर्धार जाहीर केला, आणि त्यामागे सत्यशोधक कार्यकर्ते नारायण मेघाजी लोखंडे यांचा पुढाकार होता. हत्यार हातात असलेल्या माणसाने ते अन्यायासाठी चालविण्यास नकार देणे, ही महाराष्ट्राच्या श्रमिक इतिहासातील मोठी घटना आहे. आतुम्याच्या नियमाने वस्तरा हातातून काढून घेतला होता. मुंबईच्या नाभिकांनी तो स्वतःच खाली ठेवला.

पात्यावरील अक्षरे

त्या काळातील वस्तरा आज हाती आला तर तो कसा असेल? नाभिक कुटुंबांच्या जुन्या धोकटीत किंवा जुन्या बाजारात गंजलेले वस्तरे मिळतात. त्यांत गावच्या लोहाराने घडविलेले असतात, तसे परदेशी बनावटीचेही असतात. परदेशी पात्यांच्या मानेवर, म्हणजे पाते आणि मूठ जोडणाऱ्या जाड भागावर, अक्षरे ठोकलेली असतात. गंज आणि मळ हलक्या हाताने काढला की ती दिसू लागतात आणि वस्तऱ्याचा काळ सांगतात.

विलायती पात्यावर मुकुट आणि ‘व्ही आर’ ही अक्षरे असतील, तर ते साधारणपणे १८३७ ते १९०१ या राणी व्हिक्टोरियाच्या काळातले. ‘डब्ल्यू आर’ असेल तर १८३० ते १८३७ मधले. देशाचे नाव ठोकलेले असेल, तर ते बहुधा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचे किंवा नंतरचे असते, कारण ब्रिटनच्या १८८७ च्या आणि अमेरिकेच्या १८९० च्या कायद्यांनी आयात मालावर मूळ देशाचे नाव घालणे भाग पाडले. अठराव्या शतकातील वस्तऱ्यांना मानेमागची शेपटी आखूड किंवा मुळीच नसते, ती पुढे लांबत गेली. जुने पाते पाचरीसारखे जाड असते. दोन्ही बाजूंनी खोल घासून पातळ केलेले पाते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाले आणि त्यात जर्मनीतील झोलिंगेनच्या कारागिरांचा हात विशेष होता.

याखेरीज ‘कास्ट स्टील’, ‘सिल्व्हर स्टील’ अशीही अक्षरे सापडतात. येथे अभ्यासकाने सावध राहिले पाहिजे. कास्ट स्टील म्हणजे मुशीत वितळवून केलेले पोलाद. शेफील्डमध्ये बेंजामिन हंट्समन याने १७४० च्या सुमारास ही पद्धती बसविली. परंतु मुशीतले पोलाद दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत त्याच्या कित्येक शतके आधी होत होते. लोखंडाचे लहान तुकडे मातीच्या मुशीत घालायचे, त्यांत तरवडाचे वाळलेले लाकूड टाकायचे, वर रुईची पाने ठेवायची, मूस मातीने बंद करायची आणि भात्याच्या आचेवर ती तापवत ठेवायची. लाकूड आणि पाने यांतील कार्बन लोखंडात शिरतो आणि थंड झाल्यावर पोलादाचा लहान गोळा मिळतो. म्हैसूर, सेलम आणि आजच्या तेलंगणातील कोनासमुद्रम ही त्याची प्रसिद्ध ठिकाणे होती. या पोलादाला युरोपात ‘वूट्झ’ म्हणत आणि ते नाव कन्नड-तेलुगूतील ‘उक्कु’ या शब्दाचे बिघडलेले रूप मानले जाते.

या पोलादाच्या प्रवासात आपली मुंबई येते. कंपनी सरकारचे मुंबईतील डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी १७९४ साली वूट्झचे नमुने लंडनला रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठविले. १७९५ मध्ये जॉर्ज पिअर्सन यांनी त्यांवर प्रबंध वाचला. लंडनमधील शस्त्रकार जेम्स स्टोडार्ट हा शल्यक्रियेची हत्यारे आणि वस्तरे करीत असे. त्याने या पोलादाची वर्षानुवर्षे परीक्षा केली आणि युरोपच्या उत्तम पोलादापेक्षा आपण ते पसंत करतो, असे स्वतःच्या जाहिरात-पत्रकावर छापले. पुढे लोहाराचा मुलगा असलेला थोर शास्त्रज्ञ मायकेल फॅरेडे त्याला येऊन मिळाला. वूट्झचे रहस्य शोधता शोधता दोघांनी पोलादात चांदी, प्लॅटिनम, ऱ्होडियम असे धातू मिसळून पाहिले आणि १८२० व १८२२ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. फॅरेडेने अशा पोलादाचे वस्तरे करवून मित्रांना भेट दिले. पाचशे भाग पोलादात एक भाग चांदी हे मिश्रण त्यांना उत्तम वाटले, शेफील्डच्या कारखानदारांनी ते उचलले, आणि थोड्याच काळात ‘सिल्व्हर स्टील’ हे केवळ विक्रीचे नाव झाले.

म्हणून पात्यावर ‘सिल्व्हर स्टील’ असले तर त्यात चांदी आहे असे समजू नये. ‘कास्ट स्टील’ असले तर ते भारतीय पोलाद आहे असेही समजू नये. हंट्समनने आपली पद्धती भारतातून घेतली असा दावा करण्यास पुरावा नाही. आपल्या पूर्वजांच्या गौरवासाठीसुद्धा पुराव्याच्या पुढे जाऊ नये, हीच बुद्धाची शिकवण आहे. परंतु पुराव्याने जे सिद्ध आहे तेही थोडे नाही. आधुनिक मिश्र पोलादाच्या संशोधनाचा एक उगम भारतीय कारागिरांच्या मुशीपाशी आहे. युरोपी लोहारांनी हे गोळे आपल्या सवयीच्या प्रखर आचेवर ठोकले तेव्हा ते फुटून चुरा होत, कारण त्यांत कार्बन अधिक होता आणि ते मंद आचेवरच घडवावे लागत. म्हणजे पोलादाचा गोळा जहाजातून लंडनला गेला, पण तो घडविण्याचे ज्ञान कारागिराच्या हातातच राहिले.

स्कॉट, बँक्स, पिअर्सन, स्टोडार्ट, फॅरेडे ही सर्व नावे आपल्याला मिळतात. ज्यांनी तो गोळा केला, त्यांच्यापैकी एकाचेही नाव या कथेत मिळत नाही. ज्ञान निर्माण करणारा आणि ज्ञानी म्हणून ओळखला जाणारा यांच्यातील ही दरी आपल्या परिचयाची आहे. जातिव्यवस्थेने ती आधीच खणलेली होती, साम्राज्याने ती अधिक रुंद केली.

घासणाऱ्यांचे आयुष्य

परंतु अन्याय केवळ येथेच होता असे नाही. पात्याच्या दोन्ही बाजूंचा जो सुबक खोलगट भाग आपण पाहतो, तो शेफील्डच्या कामगारांनी फिरत्या वालुकाश्माच्या चाकावर घासून काढलेला आहे. चाकावरून उडणारी दगडाची आणि पोलादाची धूळ त्यांच्या छातीत जाई. शेफील्डचे डॉक्टर नाइट यांनी या रोगाचा अभ्यास केला आणि फ्रेडरिक एंगल्सने १८४५ च्या आपल्या ग्रंथात त्यांचे निष्कर्ष उद्धृत केले. कोरड्या चाकावर काटे घासणारे कामगार २८ ते ३२ व्या वर्षी मरत. काही काम ओले आणि काही कोरडे करणारे वस्तरा-कामगार ४० ते ४५ व्या वर्षी मरत.

एंगल्सने आणखी एक विदारक गोष्ट नोंदविली आहे. धूळ अडविण्याची साधने निघाली, तेव्हा पुष्कळ कामगारांनीच ती नको म्हटली. धोका कमी झाला तर या धंद्यात गर्दी होईल आणि मजुरी उतरेल, अशी त्यांना भीती होती. स्वतःचा अकाली मृत्यू हीच ज्याच्या मजुरीची हमी, त्याची अवस्था समजून घ्यायला गटारात उतरणाऱ्या आपल्या बांधवांची आठवण पुरेशी आहे. त्या पात्याची चकाकी पाहताना हे आयुष्यही पाहिले पाहिजे.

नीट करण्याची रीत

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. जुना वस्तरा नीट करताना पहिले काम हाताचे नसते, डोळ्यांचे असते. भिंगाखाली पाते दोन्ही बाजूंनी पाहावे. धारेला तडा गेला आहे काय, कोठे दाते पडले आहेत काय, पाठ एका बाजूने अधिक झिजली आहे काय, हे तपासावे. तडा गेलेले पाते धार लावण्यास योग्य नसते, ते आहे तसे जपून ठेवावे. मानेवरील अक्षरांचे छायाचित्र घ्यावे किंवा ती कागदावर उतरवून घ्यावीत. हे काम गंज काढण्यापूर्वी करावे, नंतर नव्हे.

मूठ शिंगाची, हाडाची, हस्तिदंताची किंवा सेल्युलॉइडची असते. सेल्युलॉइड १८७० नंतरचे. ते कुजू लागले की त्यातून आम्लाची वाफ निघते आणि मुठीत मिटलेले पाते तिनेच गंजते. अशी मूठ पात्यापासून वेगळी करावी आणि आगीपासून दूर ठेवावी, कारण ती झटकन पेटते. शिंगाची मूठ कोरडी पडून वाकते, तिला थोडे तेल द्यावे. मुठीच्या टोकाशी जी पाचर असते ती जुन्या वस्तऱ्यांत पुष्कळदा शिशाची असते, म्हणून तिला हात लावल्यावर हात धुवावेत.

गंजाचे दोन प्रकार ओळखावेत. तांबडा, भुसभुशीत गंज जिवंत असतो, तो पुढे पुढे पोलाद खात जातो. काळा, घट्ट बसलेला थर बहुधा स्थिर असतो आणि तो पात्याच्या वयाचा भाग आहे. तांबडा गंज काढावा, काळ्या थराशी झगडू नये. पाते हलक्या तेलात भिजवावे, बारीक पोलादी लोकरीने किंवा बारीक घासकागदाने पाठीकडून धारेकडे, बोटे धारेपासून दूर ठेवून, सावकाश घासावे. घासताना ओल ठेवावी. त्याने काम स्वच्छ होते, आणि धूळ उडत नाही. शेफील्डच्या कामगारांची छाती आपल्याला एवढे तरी शिकवून गेली आहे.

विजेवर फिरणाऱ्या चाकाचा मोह टाळावा. वस्तऱ्याचे पोलाद लाल तापवून पाण्यात किंवा तेलात विझविलेले असते आणि नंतर साधारण २०० अंश सेल्सियसपर्यंत पुन्हा तापवून त्याचा ठिसूळपणा कमी केलेला असतो. फिरत्या चाकावर पातळ धार क्षणात त्यापेक्षा अधिक तापते. ३०० अंशांच्या आसपास पोलादावर निळा रंग चढतो. निळा रंग चढला म्हणजे त्या जागेचा कठीणपणा गेला, आणि तो घासण्याने परत येत नाही. शिवाय असे चाक मानेवरील अक्षरेही पुसून टाकते. पाते आरशासारखे चमकते, पण ते कोणाचे, केव्हाचे, हे सांगणारे काहीच त्यावर उरत नाही.

त्यानंतर धार. वस्तऱ्याच्या रचनेतच एक युक्ती आहे. निसण्यावर पाते आडवे ठेवले की पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी दगडाला टेकतात, आणि पाठीची जाडी हीच धारेचा कोन ठरविते. म्हणून पाठ कधी उचलू नये. धार पुढे ठेवून, दाब न देता, पाते ओल्या दगडावरून न्यावे, पाठीवर उलटवावे आणि परत आणावे. दाते पडलेले असतील तर आरंभी १००० क्रमांकाचा दगड, मग ४००० आणि शेवटी ८००० किंवा त्याहून बारीक, असा क्रम ठेवावा. एका दगडाचे काम पुरे झाल्याशिवाय पुढच्या दगडावर जाऊ नये. शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर पाते परजावे, आणि तेथे मात्र पाठ पुढे, धार मागे. धार पुढे गेली तर चामडे कापले जाते आणि धारही मरते.

हे ज्ञान आपल्याकडे नवीन नाही. नाभिक, लोहार आणि गावोगाव फिरून हत्यारांना धार लावणारे शिकलगार यांच्या हातांत ते होते. १९०४ साली जिलेटला सुटे पाते बसविण्याच्या वस्तऱ्याचे पेटंट मिळाले, पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांना तो सरसकट दिला गेला आणि जुन्या वस्तऱ्याची माघार सुरू झाली. पुढे १९८० च्या दशकानंतर रक्तातून पसरणाऱ्या रोगांच्या भीतीने केशकर्तनालयांतही एकदा वापरून फेकण्याची पाती आली. आरोग्याच्या दृष्टीने ते योग्यच झाले. नीट केलेला जुना वस्तराही एकाच माणसाने वापरावा, हे येथे सांगून ठेवले पाहिजे. परंतु निसणा हाती धरण्याची विद्या त्याबरोबर मावळली आणि तिची नोंद फारशी कोणी केली नाही, कारण ती विद्या आहे असे समाजाने कधी मानलेच नव्हते.

काय पुसावे, काय राखावे

संयुत्त निकायात तासणीच्या मुठीची उपमा आहे. सुताराच्या बोटांनी आणि अंगठ्याने ती मूठ रोज झिजते. आज एवढी झिजली, काल एवढी झिजली, हे त्याला सांगता येत नाही, पण झिजल्यावर ती झिजली हे त्याला कळते. आसवांचा क्षय तसाच होतो, असे तथागत सांगतात. निसण्यावर बसलेल्या माणसाला या उपमेचा अर्थ वेगळा समजावून द्यावा लागत नाही. धम्मपदाच्या मलवग्गात लोखंडातूनच उपजून लोखंडाला खाणाऱ्या गंजाचा दृष्टान्त आहे. तोही ज्याने पाते हाती धरले आहे त्याला लगेच पटतो. तथागतांनी धम्म सांगताना कारागिरांच्या अनुभवाचा आधार घेतला, आणि त्या अनुभवाला ज्ञानाची प्रतिष्ठा दिली.

इतिहासाच्या कामालाही हाच नियम लागू पडतो. गंज काढावा, खूण काढू नये. आपल्या इतिहासावर चढलेला तांबडा गंज, म्हणजे दंतकथा, विपर्यास आणि हेतुपुरस्सर केलेले विस्मरण, दूर केलाच पाहिजे. परंतु तो काढण्याच्या भरात पाते आरशासारखे गुळगुळीत करून त्यावरची अक्षरे घालवून टाकली, तर आपल्या हाती चकाकी राहील, इतिहास राहणार नाही. अपमानाच्या खुणा, श्रमाच्या खुणा, अनामिकांच्या बोटांच्या खुणा या त्या पात्याचाच भाग आहेत.

अस्पृश्य वस्त्यांमध्ये न्हावी येत नसे, तेव्हा घरच्याच कोणी वस्तरा हाती घेतला. साताऱ्यातील थोरल्या बहिणीचे उदाहरण आपल्यासमोर आहे. अशा हातांतले वस्तरे आणि कात्र्या कोठे कोठे घरांच्या कोनाड्यांत अजून असतील. त्यांवर शेफील्डची अक्षरे असोत वा गावच्या लोहाराचा ठोका असो, ते आपल्या इतिहासाचे दस्तऐवज आहेत. ते भंगारात जाण्यापूर्वी कोणी वापरले, कोणासाठी वापरले, कोठून मिळाले, एवढे तरी घरातील वृद्धांकडून विचारून लिहून ठेवावे. आपल्या विहारांनी आणि अभ्यासमंडळांनी हे काम अवश्य हाती घ्यावे. त्यासाठी एक वही, थोडे तेल आणि शांत हात एवढे पुरे आहे.